एकदल की द्विदल? बी आणि ऊतींवरून वनस्पतींचे वर्गीकरण आणि शेतातील निर्णय

ज्वारी किंवा उसातील तण मारण्यासाठी आणलेले तणनाशक शेजारच्या कपाशीवर उडते आणि आठवडाभरात कपाशीची पाने पंजासारखी अरुंद व लांबट होतात. तणनाशकासाठी वापरलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने टोमॅटोवर कीटकनाशक फवारले जाते आणि शेंडे पिळवटून जातात. सोयाबीन हरभऱ्याइतके खोल पेरले जाते आणि निम्मे बी मातीतच राहते. ही तिन्ही नुकसाने वेगवेगळी दिसतात. त्यांच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न असतो: हातातले पीक वनस्पतींच्या कोणत्या गटातले आहे?

वर्गीकरण हा शाळेच्या पुस्तकातला कंटाळवाणा धडा म्हणून आपण सोडून देतो. प्रत्यक्षात पेरणीची खोली, पहिले पाणी, कलम, छाटणी, शेंडे खुडणी आणि तणनाशकाची निवड हे सगळे निर्णय बी आणि ऊतींच्या रचनेवर अवलंबून असतात. ही रचना कशी ओळखायची आणि तिचा उपयोग कसा करायचा, याची माहिती या लेखात दिली आहे.

वर्गीकरणाच्या चार पायऱ्या

सारख्या कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. वनस्पतीत पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊती आहेत का, बी तयार होते का आणि ते फळात झाकलेले असते का, या तीन प्रश्नांवरून वनस्पतींचे मोठे गट पडतात.

• वाहक ऊती नाहीत, बी नाही: शेवाळ आणि ओलसर भिंतीवर वाढणारी हिरवी मखमल. पाणी वर चढवण्याची सोय नसल्याने या वनस्पती जमिनीलगतच राहतात.

• वाहक ऊती आहेत, बी नाही: नेचे. भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून वापरला जाणारा अझोला हा पाण्यावर तरंगणारा नेचाच आहे. त्याच्या पानातील पोकळीत राहणारे नील-हरित जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. शेतकरी अझोल्याचे बी मागतात, पण त्याला बी नसते. जिवंत कल्चर आणूनच तो वाढवावा लागतो.

• बी आहे, पण फळात झाकलेले नाही: सायकस, पाइन, देवदार. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूची झाडे पाइनसारखी दिसतात, पण सुरू या गटात येत नाही. ते फुले येणारे द्विदल झाड आहे.

• बी फळात झाकलेले: आपली जवळजवळ सर्व पिके आणि तणे. या गटाचे एकदल आणि द्विदल असे दोन भाग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील जॉन रे यांनी मांडले. शेतीला आजही हीच विभागणी सर्वांत उपयोगी पडते.

‘द्विदल’ या शब्दाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. बोलीभाषेत द्विदल म्हणजे डाळीची पिके असे समजले जाते. शास्त्रीय अर्थ त्याहून मोठा आहे. कपाशी, सूर्यफूल, टोमॅटो, मिरची, आंबा, डाळिंब, द्राक्ष ही सगळी द्विदल पिके आहेत, पण ती शेंगवर्गीय नाहीत. त्यामुळे ‘द्विदल पिकाला रायझोबियम लावा’ ही शिफारस फक्त तूर, हरभरा, सोयाबीन, मूग, उडीद, भुईमूग अशा शेंगवर्गीय पिकांपुरती समजावी. कपाशीच्या बियाण्याला रायझोबियम लावून मुळांवर गाठी येणार नाहीत. शेंगवर्गीय पिकांतही प्रत्येक पिकासाठी त्याचेच रायझोबियम घ्यावे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही.

बी चिरून पाहा

हरभरा, मका आणि एरंडीचे थोडे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. सकाळी साल काढून ब्लेडने उभे चिरावे.

हरभऱ्याचे बी सहज दोन भागांत सुटते. हे दोन भाग म्हणजे दोन दले, म्हणजेच बीजपत्रे. रोपाच्या सुरुवातीच्या वाढीचे सगळे अन्न त्यांत साठवलेले असते. दोन दलांच्या सांध्यावर टोकाशी लहानसा अंकुर दिसतो. डाळ भरडताना हीच दले वेगळी होतात, अंकुर तुटतो आणि म्हणून डाळ पेरून उगवत नाही.

मक्याचा दाणा असा सुटत नाही. बहुतेक भाग पिठूळ साठ्याचा असतो. त्याला भ्रूणपोष म्हणतात. दाण्याच्या निमुळत्या टोकाकडे पांढरट अंकुर असतो आणि त्यालाच चिकटून एकच ढालीसारखे दल असते. हे दल साठ्यातील अन्न शोषून अंकुराला पोचवते. गहू, भात, ज्वारी, बाजरी यांची रचना अशीच आहे. म्हणून साठवणीत सोंडकिड्याने दाण्याचे अंकुराचे टोक खाल्ले असेल, तर उरलेला दाणा भरीव दिसला तरी तो पेरणीच्या कामाचा नाही.

एरंडीचे बी हा नियमाचा अपवाद आहे. त्यातला पांढरा तेलकट गर हा भ्रूणपोष असतो आणि त्याच्या मधोमध कागदासारखी पातळ दोन दले असतात. म्हणजे एरंडी द्विदल असूनही तिचा साठा दलांत नसतो. त्यामुळे गट ठरवताना साठा कुठे आहे यापेक्षा दले किती आहेत हे पाहावे.

नारळातही हीच रचना मोठ्या आकारात दिसते. खोबरे आणि नारळपाणी म्हणजे भ्रूणपोष. कोंब आलेला नारळ फोडल्यावर आत स्पंजासारखा गोड गोळा सापडतो. तो नारळाच्या एकमेव दलाचा भाग आहे. खोबऱ्यातील अन्न शोषून कोंबाला देणे हे त्याचे काम आहे.

पेरणीची खोली: दले वर येतात की मातीत राहतात?

उगवताना दले कुठे राहतात यावरून पिकांचे दोन प्रकार पडतात. पेरणीच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

दले जमिनीवर येणारी पिके: सोयाबीन, मूग, उडीद, चवळी, कपाशी, सूर्यफूल, एरंडी, टोमॅटो, वेलवर्गीय भाज्या. या पिकांत अंकुराची मान वाकून माती उचलते आणि जड दलांना वर ओढते. बी खोल पडले किंवा पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर कडक पापडी धरली, तर मान मोडते. बी जिवंत असूनही रोप दिसत नाही.

• सोयाबीनची पेरणी 3 ते 5 सें.मी. खोलीवरच करावी.
• सुमारे 75 ते 100 मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी करावी.
• रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते.
• पापडी धरल्यास हलक्या हाताने ती फोडावी. रोपांच्या माना वर येत असताना ओळीवर अवजार चालवू नये.

दले मातीत राहणारी पिके: हरभरा, तूर, वाटाणा. यांत दले खालीच राहतात आणि फक्त कोवळा कोंब वर येतो. त्यामुळे कोरडवाहू जमिनीत ओल खाली गेली असेल, तर हरभरा 7 ते 10 सें.मी. खोल पेरता येतो. सोयाबीनला ही सवलत नाही. या रचनेचा आणखी एक फायदा आहे. दलांजवळचे डोळे मातीखाली सुरक्षित असल्याने कोवळ्या हरभऱ्याचा शेंडा किडीने जमिनीलगत कुरतडला, तरी काही रोपे खालून पुन्हा फुटतात. सोयाबीनचे रोप दलांच्या खाली तुटले तर ते संपते, कारण त्याचे सगळे डोळे तुटलेल्या भागातच जातात. नांगी भरायची की थांबायचे, हे ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा.

भुईमूग या दोन्हींच्या मधला आहे. त्याची दले जमिनीच्या पृष्ठभागाशी येऊन थांबतात. म्हणून पेरणी 5 सें.मी.च्या आसपास ठेवावी.

एकदल तृणधान्ये: यांत दल दाण्यातच राहते आणि कोंब एका टोपणात गुंडाळून वर येतो. टोपणाच्या लांबीपेक्षा पेरणी खोल झाली, तर पान मातीतच उघडते आणि वेडेवाकडे होऊन मरते. बुटक्या गव्हाच्या जातींचे हे टोपण जुन्या उंच जातींपेक्षा आखूड असते. म्हणून गहू 5 ते 6 सें.मी.पेक्षा खोल पेरू नये. बाजरीचे बी बारीक आणि साठा थोडा असल्याने 2 ते 3 सें.मी. खोली पुरेशी होते.

बियाण्याची हाताळणी

सोयाबीनचा अंकुर बियाच्या कडेला, अगदी पातळ सालीखाली असतो. पोते उंचावरून आपटले, मळणी यंत्राची गती जास्त ठेवली किंवा पोत्यांची उंच थप्पी लावली, तर बाहेरून चांगले दिसणारे बी आतून मार खाते. गहू किंवा ज्वारीच्या पोत्याला जी वागणूक चालते ती सोयाबीन बियाण्याला चालत नाही.

प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवणक्षमता सोयाबीनमध्ये 70 टक्के, तर गहू आणि हरभऱ्यात 85 टक्के आहे. सोयाबीनचा निकष खाली ठेवला गेला आहे, यावरूनच त्याचे बी किती नाजूक आहे हे समजते. घरचे बियाणे वापरण्यापूर्वी ओल्या गोणपाटात 100 बिया मोजून ठेवाव्यात आणि उगवण तपासावी. भुईमुगाचे बीही असेच नाजूक असते. त्याच्या शेंगा पेरणीच्या थोडे दिवस आधीच फोडाव्यात.

फळझाडांपैकी आंबा, फणस, नारळ यांचे बी वाळवून ठेवता येत नाही. वाळल्यावर ते मरते. कलमांसाठी लागणाऱ्या आंब्याच्या कोयी फळ खाल्ल्यानंतर लवकरात लवकर रुजत घालाव्यात.

मुळे: पाणी आणि खत कुठे द्यायचे?

द्विदल पिकात बियातून निघालेले पहिले मूळ टिकते, जाड होते आणि खोल जाते. त्याला सोटमूळ म्हणतात. एकदल पिकात हे पहिले मूळ फार काळ मुख्य राहत नाही. खोडाच्या बुडापासून सारख्या जाडीची अनेक तंतुमुळे फुटतात.

गव्हात ही दुसरी मुळे पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी फुटू लागतात. या अवस्थेला मुकुटमुळे फुटण्याची अवस्था म्हणतात. ही मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फुटव्यांच्या बुडाशी येतात. हा थर त्या वेळी कोरडा असेल, तर मुळे आणि फुटवे दोन्ही कमी होतात. गव्हाला एकच पाणी देता येणार असेल, तरी ते याच वेळी द्यावे ही शिफारस त्यामुळेच आहे.

केळीची बहुतेक मुळे वरच्या थरात पसरतात. म्हणून केळीला थोडे थोडे, पण वारंवार पाणी लागते आणि लागवडीनंतर खोल मशागत केल्यास मुळे तुटतात. नारळाला सोटमूळ नसते. त्याची कार्यक्षम मुळे बुंध्यापासून सुमारे 2 मीटरच्या घेरात असतात. खत बुंध्याला चिकटून न देता या घेरातील आळ्यात पसरून द्यावे.

तुरीचे सोटमूळ खोल ओल वापरते आणि ज्वारीची तंतुमुळे वरचा थर वापरतात. ज्वारी अधिक तूर हे जुने आंतरपीक टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे. सोटमूळ असलेली फळझाडांची रोपे पिशवीत फार दिवस राहिली, तर मूळ तळाशी गुंडाळते. असे रोप शेतात गेल्यावरही कमजोर राहते. खरेदी करताना पिशवीचा तळ पाहावा.

खोड: कलम कशावर होते आणि कशावर होत नाही?

खोडात दोन प्रकारच्या वाहक ऊती असतात. जलवाहिनी मुळांकडून पाणी आणि अन्नद्रव्ये वर नेते. रसवाहिनी पानांत तयार झालेले अन्न झाडाच्या इतर भागांना पोचवते.

द्विदल खोडात या वाहिन्यांचे जुडगे गोलाकार मांडलेले असतात. जलवाहिनी आत, रसवाहिनी बाहेर आणि दोन्हींच्या मध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. साल सोलल्यावर लाकडावर जो ओलसर, बुळबुळीत थर लागतो तो हाच. त्यामुळे खोड जाड होते, जखम भरते आणि कलम जुळते.

एकदल खोडात वाहिन्यांचे जुडगे सर्वत्र विखुरलेले असतात. उसाचे कांडे किंवा मक्याचे ताट आडवे कापल्यास हे ठिपके साध्या डोळ्यांनी दिसतात. त्यात कॅम्बियमचा थर नसतो. याचे शेतातील परिणाम असे:

• कलम: खुंट आणि डोळकाडी यांचे कॅम्बियम एकमेकांना भिडले तरच कलम जुळते. आंबा आणि काजूचे मृदूकाष्ठ कलम, संत्रा व मोसंबीत जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरणे, डॉगरिजवर द्राक्षाचे कलम, खिरणीच्या खुंटावर चिकू ही सगळी द्विदल झाडे आहेत. काडी आणि खुंटाची जाडी सारखी नसेल, तर निदान एका बाजूचे कॅम्बियम जुळवावे. दोन्ही काप मधोमध ठेवले आणि कडा कुठेच जुळल्या नाहीत, तर कलम मरते.

• एकदल पिकांची अभिवृद्धी: नारळाचे किंवा केळीचे कलम कोणी विकत असेल, तर सावध राहावे. केळी मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने, ऊस बेण्यापासून, आले आणि हळद गड्ड्यांपासून, तर नारळ फळापासून वाढवतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी एकदल वनस्पतींचे कलम अगदी भ्रूणावस्थेतील अंकुर जोडून यशस्वी केले. ते प्रयोगशाळेतील काम आहे. वाढलेल्या रोपावर रोपवाटिकेत ते करता येत नाही.

• गुटी कलम आणि गर्डलिंग: डाळिंबाच्या फांदीची साल गोलाकार काढली की रसवाहिनी तुटते, अन्न कापाच्या वर साठते आणि तिथे मुळे फुटतात. द्राक्षाच्या खोडावर गर्डलिंग करण्यामागेही हेच तत्त्व आहे. पानांतले अन्न काही काळ मुळांकडे न जाता घडांकडे वळते आणि मणी फुगतात. काप सालीपुरताच असावा. पाते लाकडात गेले तर पाणीही तुटते. वेल अशक्त असेल तर गर्डलिंग करू नये, कारण जखम भरेपर्यंत मुळे उपाशी असतात.

• साल पूर्ण वर्तुळात जाणे: उंदीर, ससे, जनावरे किंवा आधाराची रुतलेली तार यांमुळे द्विदल झाडाची साल चारही बाजूंनी गेली, तर झाड सावकाश मरते. आधाराचा बांध दरवर्षी सैल करावा. एका बाजूची जखम मात्र भरून येते. ती साफ करून बोर्डो पेस्ट लावावी.

• नारळाची जखम: नारळाच्या खोडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा कधीच भरत नाहीत. त्यांतून पाणी शिरते आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालायला जागा मिळते. खोड एकदा तयार झाले की जाड होत नाही. म्हणून दुष्काळात किंवा खत न मिळालेल्या वर्षांत बारीक झालेला भाग कायम बारीकच राहतो. नारळाचे खोड म्हणजे बागेच्या मशागतीचा जुना हिशेब आहे.

वाढीचे टोक कुठे आहे?

पेशी विभागून नवी वाढ जिथे होते, त्या ऊतींना विभाजी ऊती म्हणतात. द्विदल पिकात त्या शेंड्यावर आणि प्रत्येक पानाच्या बगलेतील डोळ्यात असतात. शेंडा खुडला की बगलेतले डोळे जागे होतात आणि फांद्या वाढतात. तूर, हरभरा आणि कपाशीतील शेंडे खुडणी या तत्त्वावर चालते. जुन्या आंब्याची छाटणी करून पुनरुज्जीवन करता येते तेही यामुळेच.

नारळाला वाढीचे एकच टोक असते. गेंड्या भुंग्याने किंवा कोंब कुजव्या रोगाने ते मेले, तर संपूर्ण झाड जाते, मग ते कितीही जुने असो. म्हणून नारळाच्या सुईवर नियमित लक्ष ठेवावे.

गवतवर्गीय पिकांत वाढीचे टोक पोंग्यात लपलेले असते. मक्याला पाच-सहा पाने येईपर्यंत ते जमिनीच्या खालीच असते. त्या काळात गारपिटीने पाने फाटली, तरी पीक सावरते. पिकाला मोडण्याची घाई करू नये. पुढे टोक वर आल्यानंतर पोंगा खाल्ला गेला तर कणीस हातचे जाते. लष्करी अळीचे नियंत्रण लवकर करावे लागते ते यासाठी. ज्वारी, ऊस, भातात खोडकिडीने मधला पोंगा मेला, तरी सुरुवातीच्या अवस्थेत बुडातून नवे फुटवे येतात.

गवतवर्गीय पिकांच्या पेऱ्यांजवळ आणि पानांच्या बुडाशीही विभाजी ऊती असतात. लोळलेला ऊस किंवा ज्वारी पेऱ्यापाशी वाकून पुन्हा वर उठते आणि कापलेला घास पुन्हा वाढतो, तो या ऊतींमुळे. हरळी खुरपून वरून कापल्याने मरत नाही, त्याचेही कारण हेच आहे. तिच्या जमिनीखालील कांड्या वेचून काढाव्या लागतात.

तणनाशक: गट चुकला की पीक गेले

2,4-डी हे द्विदल वनस्पतींची वाढ बिघडवणारे तणनाशक आहे. गहू, ज्वारी, मका, ऊस यांत ते शिफारशीच्या मात्रेत आणि अवस्थेत चालते. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो, भाजीपाला आणि कडधान्यांना त्याचा उडालेला अंशही घातक ठरतो. क्विझालोफॉप इथाइल याच्या उलट काम करते. ते सोयाबीन, कपाशी, भुईमुगातील गवते मारते.

मात्र ‘हे एकदल मारते, ते द्विदल मारते’ एवढ्या सूत्रावर थांबल्यास फसगत होते. पुढील उदाहरणे लक्षात ठेवावीत.

• गाजरगवत: नावात गवत आहे, पण ते द्विदल आहे. गवतनाशकाने ते मरत नाही.

• केना: पान रुंद दिसते, पण केना एकदल आहे. तरीही तो गवतवर्गीय नाही. त्यामुळे सोयाबीनमध्ये फक्त क्विझालोफॉप फवारले तर गवते मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत केना पसरतो.

• लव्हाळा: गवतासारखा दिसतो. खोड बोटांत फिरवल्यास तीन धारा लागतात. गवताचे खोड गोल किंवा चपटे असते आणि त्याला पेरे असतात. लव्हाळ्यावर गवतनाशक चालत नाही. उसात त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलची शिफारस आहे.

• कांदा: एकदल आहे. तरीही क्विझालोफॉप कांद्यात चालते. या तणनाशकाचा घाव फक्त गवत कुळातील वनस्पतींच्या मेद तयार करणाऱ्या विकरावर बसतो. कांदा त्या कुळात नाही.

• ॲट्राझीन: मक्यात चालते, कारण मका ते आपल्या पेशींत निष्क्रिय करतो. गहूही एकदल आणि गवतवर्गीयच आहे, पण त्याला ॲट्राझीनने इजा होते.

• राजगिरा: उपवासाचे धान्य म्हणून वापरला जात असला तरी तो द्विदल आहे. धान्य म्हणून त्यावर 2,4-डी वापरल्यास पीक जाईल.

म्हणून तणाचा गट ओळखून तणनाशकाचा प्रकार ठरवावा, पण अंतिम निर्णय लेबलवर आपल्या पिकाचे नाव आहे की नाही हे पाहूनच घ्यावा. लेबलवर नाव नसेल, तर दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर फवारणी करू नये.

2,4-डी फवारताना घ्यायची काळजी:

• तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवावा आणि त्यावर रंगाने खूण करावी.
• वारा शेजारच्या द्विदल पिकाकडे वाहत असताना फवारणी करू नये.
• इस्टर प्रकारातील 2,4-डी उष्ण हवेत वाफ होऊन दूर जाते. जवळ कपाशी किंवा द्राक्षबाग असल्यास ते टाळावे.
• फवारणीपूर्वी शेजाऱ्याला सांगावे. नुकसान झाल्यावर बांधावर होणाऱ्या भांडणापेक्षा हे सोपे आहे.

पानावरून ओळखताना होणारी चूक

समांतर शिरा म्हणजे एकदल आणि जाळीदार शिरा म्हणजे द्विदल, ही खूण बहुतेक पिकांत बरोबर ठरते. फुलांच्या पाकळ्या तीनच्या पटीत असतील तर एकदल, चार किंवा पाचच्या पटीत असतील तर द्विदल, ही दुसरी खूण. पण अळू, सुरण, कोनफळ यांची पाने रुंद आणि जाळीदार दिसतात, तरी ती एकदल आहेत. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. बी, मूळ, खोड, पान आणि फूल यांपैकी किमान तीन खुणा जुळवाव्यात.

केळीला आपण झाड म्हणतो, पण तिचे दिसणारे खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ आहेत. खरे खोड जमिनीखालील कंद आहे. बांबूही झाड नसून गवत आहे. भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तो वगळला गेला आणि वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची तोड व वाहतूक सोपी झाली. वर्गीकरणाचा परिणाम शेतकऱ्याच्या खिशापर्यंत कसा पोचतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शास्त्रज्ञांनी अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून द्विदल गटाची फेरमांडणी केली आहे. सीताफळ, मिरी, दालचिनी, जायफळ यांची दले दोन असली, तरी त्यांना आता खऱ्या द्विदलांपासून वेगळ्या, जुन्या शाखेत ठेवतात. शेतकऱ्यासाठी व्यवहार बदलत नाही. सीताफळाला कॅम्बियम आहे आणि त्याचे कलम होते.

शेतीशाळेसाठी अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक

कृषी सहायक आणि कृषी मित्रांनी खरीप पेरणीपूर्वीच्या बैठकीत हे प्रात्यक्षिक घ्यावे.

1. हरभरा, सोयाबीन, मका व एरंडीचे भिजवलेले बी चिरून दले आणि अंकुर दाखवावा.
2. आठवडाभर आधी कुंडीत सोयाबीन आणि हरभरा 3 व 8 सें.मी. खोलीवर पेरून ठेवावे. उगवणीतील फरक शेतकऱ्यांनी स्वतः मोजावा.
3. उसाचे कांडे आणि तुरीची हिरवी काडी आडवी कापून लाल शाईच्या पाण्यात काही तास ठेवावी. उसात विखुरलेले ठिपके आणि तुरीत कडेने लाल कडे दिसते.
4. गाजरगवत, केना, लव्हाळा, हरळी यांची उपटलेली झाडे समोर ठेवून शेतकऱ्यांना गट पाडायला सांगावे.
5. गावात विकल्या जाणाऱ्या दोन-तीन तणनाशकांची लेबले मोठ्याने वाचून घ्यावीत.

लक्षात ठेवा

• दले वर येणारे पीक उथळ पेरा. दले मातीत राहणारे पीक ओलीपर्यंत खोल पेरता येते.
• गव्हाला 18 ते 21 दिवसांचे पाणी चुकवू नका.
• कॅम्बियमला कॅम्बियम भिडले तरच कलम जुळते. एकदल झाडाचे कलम विकत घेऊ नका.
• नारळाच्या खोडाला खाचा पाडू नका आणि सुईवर लक्ष ठेवा.
• तणाचे नाव किंवा पानाची रुंदी पाहून तणनाशक निवडू नका. गट ओळखा, लेबल वाचा आणि पंप वेगळा ठेवा.